27 गुंठ्यांची वाटणी

वसई पश्चिमेच्या एका गावातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव आणि गाव छापू नका, असं त्यांनी कळवलं आहे. पत्र मोठं आहे, म्हणून थोडक्यात देते:

‘ताई, माझं वय 46. मी मुंबईत नोकरी करतो. वडिलांना जाऊन 2 वर्षं झाली. त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यांच्या नावावर 27 गुंठ्यांची वाडी आहे. केळी, नारळ आणि थोडी फुलझाडं. वाडी करायला आता माणसं मिळत नाहीत. आमच्या शेजाऱ्याने 4 वर्षांपूर्वी त्याची वाडी बिल्डरला दिली आणि दुमजली बंगला बांधला. आमच्या पडवीतून तो रोज दिसतो. रविवारी मिस्साला तो पुढच्या बाकावर असतो आणि माझं लक्ष वेदीकडे राहत नाही. आता बिल्डर आमच्याकडेही आला आहे. धाकटा भाऊ तयार आहे. आम्ही दोघे भाऊ, साडेतेरा-साडेतेरा गुंठे. आई आमच्याजवळच असते, ती सही करेल. मोठी बहीण लग्न होऊन नालासोपाऱ्याला आहे. तिच्या लग्नात सोनं दिलं, सगळं नीट केलं, तरी हक्कसोडपत्रावर सही करायला ती टाळाटाळ करते. फादरांनी प्रवचनात लोभाविषयी सांगितलं तेव्हा मला बंगला आठवला. मी प्रायश्चित्ताला जाऊन ते कबूलही केलं, पण अस्वस्थपणा जात नाही. हा लोभ मनातून कसा काढू? आणि बहिणीला लोभाविषयी चार शब्द कसे समजावू?’

भाऊ,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात शेजाऱ्याच्या बंगल्यावर दीड पान आहे आणि बहिणीवर सहा ओळी. मला उत्तर द्यायचं आहे ते त्या सहा ओळींना.

तरी बंगल्याचं आधी सांगते, कारण ते थोडक्यात होण्यासारखं आहे. चांगलं घर हवंसं वाटणं म्हणजे लोभ नव्हे. देवाच्या दहा आज्ञांमधल्या ‘लोभ धरू नको’ या आज्ञेत जे हिब्रू क्रियापद आहे, ‘हामद’, त्याच मुळातला शब्द बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एदेन बागेतल्या झाडांसाठी आला आहे. दिसायला रम्य, पाहणाऱ्याला हवीहवीशी वाटणारी झाडं. ती तशी देवानेच उगवली. म्हणजे हवंसं वाटण्याची शक्तीही त्याचंच देणं. आज्ञा तिला मारून टाका म्हणत नाही. आज्ञेत कुठला शब्द परत परत येतो ते बघा. शेजाऱ्याचं घर, शेजाऱ्याची बायको, त्याचा दास, दासी, बैल, गाढव, आणि शेवटी शेजाऱ्याचं जे काही असेल ते. आपण कॅथलिक या वचनाच्या नववी आणि दहावी अशा दोन आज्ञा मोजतो, बहुतेक प्रॉटेस्टंट बांधव तिची एकच दहावी धरतात. मोजणी कशीही करा, ‘शेजारी’ हा शब्द तिथून हलत नाही. काय हवंसं वाटतं यापेक्षा ते कोणाचं आहे, याकडे आज्ञेचं बोट आहे.

तुम्हाला शेजाऱ्याचा बंगला बघून कसंतरी होतं. ते चांगलं नाही. तुम्ही ते कबूल केलंत आणि देवाने क्षमा केली, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. एवढंच करा की ‘पैसा आला तरी त्याच्या घरात सुख नसेल’ असं म्हणून मनाची समजूत घालू नका. तो सुखी असेल. असू द्या. लोभ अपुरा राहिला की त्याचा मत्सर होतो आणि मग दुसऱ्याचं दुःख शोधत फिरतो.

पण भाऊ, शेजाऱ्याचा बंगला त्याच्याकडून काढून घ्यायचा तुमचा विचार नाही. त्यासाठी तुम्ही कागद केलेला नाही. कागद तयार आहे तो बहिणीच्या वाट्याचा. अस्वस्थपणा जात नाही असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, तुम्ही कबूल केलेला लोभ एक होता आणि मनाला टोचणारा लोभ दुसराच आहे.

साडेतेरा-साडेतेरा हा हिशेब कुठून आला? तुम्ही घरात किती माणसं मोजलीत? आपल्या ख्रिस्ती लोकांना वारसा हक्कासाठी 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि मागे बायको-मुलं असतील, तर एक तृतीयांश बायकोचा आणि उरलेला दोन तृतीयांश सगळ्या मुलांमध्ये सारखा. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही, लग्न झालेली आणि न झालेली असाही नाही. म्हणजे 27 गुंठ्यांतले 9 गुंठे तुमच्या आईचे. उरले 18. ते तिघा भावंडांत, प्रत्येकी 6. तुमचे 6, धाकट्याचे 6, बहिणीचे 6. वकिलाला दाखवून खात्री करून घ्या, पण हिशेब हा असा आहे. तुम्ही स्वतःचे म्हणून जे साडेतेरा धरलेत, त्यातले साडेसात तुमचे नाहीत. ते काही बहिणीचे आहेत, काही आईचे.

आईबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘ती सही करेल.’ तुमच्या पत्रातलं सगळ्यात छोटं वाक्य हेच आहे आणि माझा जीव तिथेच अडकला. ती करेलही. आया करतात. तिला विचारलंत का, की तुझ्या 9 गुंठ्यांचं काय करायचं आहे?

आणि सोनं. ‘लग्नात सगळं नीट केलं’ हे मी इतक्या घरांतून ऐकलं आहे की आता ते वाक्य ऐकलं की मला पुढचं वाक्यही ठाऊक असतं. तुमच्या लग्नाचा खर्च कोणी केला? तुमच्या शिक्षणाचा? तो तुमच्या 6 गुंठ्यांतून कोणी वजा केला नाही. बापाने हयातीत मुलांना जे दिलं, ते वाटणीत वजा करत बसायचं नाही, असंच हा कायदाही सांगतो. बापाने लेकीला दिलेलं सोनं हे त्याचं प्रेम होतं. तुम्ही त्याची पावती करायला निघाला आहात.

तुम्ही विचारलंत, बहिणीला लोभाविषयी कसं समजावू. शुभवर्तमानात हाच प्रश्न एकाने प्रभूला विचारला आहे. लूक, अध्याय 12. गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा की त्याने मला वतनाचा वाटा द्यावा. येशू म्हणतो, तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा म्हणून मला कोणी नेमलं? आणि मग सगळ्यांकडे वळून म्हणतो, सर्व प्रकारच्या लोभापासून सांभाळा.

हा उतारा आपल्याकडे फार वेळा उलटा वापरला गेला आहे. वाटा मागायला आलेल्या बहिणीला तो ऐकवतात. बघ, प्रभूने मागणाऱ्यालाच गप्प केलं! पण नीट वाचा. त्या माणसाची मागणी खोटी आहे असं येशू म्हणत नाही. त्याचा भाऊ बरोबर आहे असंही म्हणत नाही. आणि त्यानंतरची गोष्ट कोणाची आहे? ज्याला वाटा मिळाला नाही अशा माणसाची नाही. ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे, ज्याच्या जमिनीला उदंड पीक आलं, त्याची आहे. तो कोठारं पाडून मोठी बांधायला निघतो. मला त्या गोष्टीत एका गोष्टीचं नेहमी वाईट वाटतं: त्या माणसाशी बोलायला कोणी नाही. तो स्वतःशीच विचार करतो, स्वतःच्या जिवालाच सांगतो की खा, पी, मजा कर. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल. बायको नाही, गडी नाही, बहीण नाही. त्या रात्री त्याचा जीव मागितला जातो तेव्हा देव विचारतो, आता हे सगळं कोणाचं होईल? त्याच्या गोष्टीत दुसरं माणूस शिल्लकच नाही, त्यामुळे त्याला उत्तर देता येत नाही.

‘सर्व प्रकारच्या’ या शब्दांत मागणाऱ्याचा लोभ येतो, तसाच धरून बसणाऱ्याचाही येतो. तुमची बहीण जे मागते आहे, खरं तर अजून मागतही नाही, नुसती सही करत नाही, ते तिचं स्वतःचं आहे. स्वतःचं सोडायला तयार नसणं म्हणजे लोभ असेल, तर नाबोथ पहिला लोभी ठरतो.

नाबोथाची गोष्ट तुम्ही लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली असेल. आता पुन्हा वाचा, राजे पहिल्या पुस्तकाचा अध्याय 21. अहाब राजाला राजवाड्याशेजारचा द्राक्षमळा हवा होता. कशासाठी? भाजीपाल्याची वाडी करायला. आणि त्याने जबरदस्ती केली नव्हती. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे देतो, म्हणाला. बिल्डरसुद्धा असंच गोड बोलतो. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. अहाब घरी आला, बिछान्यावर पडला, तोंड फिरवलं आणि जेवेना. इथवर तो नुसता हट्टी आहे. पुढचं त्याची राणी ईजबेल करते, आणि बघा कसं. राजाच्या नावाने पत्रं लिहिते, त्यावर त्याची मोहर लावते, गावात उपास जाहीर करते, वडीलधाऱ्यांना बोलावते, आणि दोन साक्षीदार उभे करते, कारण मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे देहदंडाला दोन साक्षीदार लागत. एकही कागद कमी नाही. उपासही आहे, म्हणजे धर्मही आहे. आणि त्या सगळ्याच्या शेवटी नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारलं.

हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुम्ही अहाब नाही. पण दुसऱ्याचं हवं असलं की हात आधी कागदाकडे जातो, एवढं त्या अध्यायात स्वच्छ दिसतं. कागद झाला की मन म्हणतं, सगळं रीतसर आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणीने सही केली, फोटो काढला, अंगठा दिला, की कायद्याने ते हक्कसोडपत्र पक्कं. ती मनापासून करत असेल तर माझी हरकत नाही. काही बहिणी खरंच प्रेमाने सोडतात. पण ‘भावाशी संबंध ठेवायचे आहेत ना’ या एका वाक्यावर जी सही होते, तिच्यात आणि ईजबेलीच्या मोहरेत मला फार अंतर दिसत नाही.

माझ्या आईने अशी सही केली होती. आजोबांच्या महिन्याच्या मिस्सानंतर, जेवणं आटोपल्यावर, त्याच ओटीवर. तिला एक लुगडं दिलं. साडीचोळी करून बोळवण म्हणतात ती हीच. लुगडं चांगलं होतं, पण तिने ते एकदाही नेसलं नाही. मामांशी भांडली नाही, नावंही ठेवली नाहीत. फक्त माहेरी जाणं कमी होत गेलं. सणाला, मग लग्नकार्याला, मग मयतीला. मला मामेभावंडांची नावं माहीत आहेत, पण रस्त्यात भेटली तर ओळखणार नाही. मामांना जमिनीचे जे पैसे आले ते केव्हाच संपले, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मला त्याचा आनंद झाला नाही.

संदेष्टा मीखा म्हणतो की लोक शेतांचा लोभ धरतात आणि ती हिसकावून घेतात, माणसावर आणि त्याच्या वतनावर जुलूम करतात. त्याने ते रात्री अंथरुणात बेत करणाऱ्यांविषयी म्हटलं आहे, जे उजाडताच बेत तडीस नेतात, कारण ते त्यांच्या हातात असतं. इसवी सनाच्या चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी लिहिलं, नाबोथाची गोष्ट काळाने जुनी आहे, पण घडते ती रोज. मला वाटतं, आपल्या वसईत हे कोणाला समजावून सांगायला नको.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी पट्टी बांधकामाला मोकळी होऊ लागली तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, मागे हजारो माणसं. टँकरवाल्यांनी विहिरी उपसायला सुरुवात केली, गोडं पाणी मचूळ व्हायला लागलं, म्हणून बायका रस्त्यावर उतरल्या. त्या माणसांना धमक्या आल्या, तरी ती हटली नाहीत. फादर 2024 च्या जुलैत गेले. त्या लढ्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, म्हणूनच हेही लिहिते. आपण घोषणा बिल्डरच्या लोभाविरुद्ध दिल्या आणि त्या खऱ्या होत्या. काही जमिनी दमदाटीने गेल्या, हेही खरं. पण कितीतरी जमिनी आपल्याच माणसांच्या सहीने गेल्या. भावाने भावाला न सांगता, काकाने पुतण्याचं नाव गाळून, बहिणीला साडी देऊन. बिल्डरला अख्खा तुकडा हवा असतो. घरात जो सगळ्यांत हपापलेला असेल त्यालाच तो आधी गाठतो.

मग त्याचे परिणाम त्या घरापुरते राहत नाहीत. दोन-चार घरांचं मिळून एखादं बावखल, म्हणजे छोटं तळं, असायचं. पावसाचं पाणी त्यात जिरायचं आणि विहिरींना गोडवा राहायचा. एकाने आपल्या बाजूने भराव टाकला की दुसऱ्याला वाटायचं, मीच का मागे राहू. बावखलं बुजली. 2018 च्या जुलैत वसई-विरार पाण्यात गेलं, गाड्या बंद पडल्या, लोक दिवसच्या दिवस घरात अडकले. पाऊस प्रचंड होता, हे कबूल. पण पाण्याच्या वाटा आणि त्याची मुरण्याची जागा माणसांनी खाल्ली होती, हेही तितकंच कबूल करायला हवं. तुमच्या शेजाऱ्याचा बंगला बघून तुम्हाला जे वाटतं, तेच तुमचा टॉवर बघून पलीकडच्या वाडीवाल्याला वाटेल. एका घरातून लोभ दुसऱ्या घरात जातो तो उपदेशाने नाही, नुसता बघून जातो. लग्नातल्या पंगती, मांडव, बँड, सगळीकडे हेच चाललंय आणि त्यासाठी कर्ज काढणारी घरं मी जवळून बघते आहे. संत पौल कलस्सैकरांना लिहिताना लोभाला मूर्तिपूजा म्हणतो. पूर्वी मला ते जरा जास्तच वाटायचं. आता वाटत नाही. ज्याच्यासाठी माणूस बहीण वाहतो, त्याला देव नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

मला चुकीचं समजू नका. वाडी विकणं हे पाप आहे, असं मी म्हणत नाही. माणसं मिळत नाहीत, पाणी खारं होतंय, तुम्ही दिवसभर मुंबईत असता, हे मला कळतं. ज्याने कधी केळीचा घड खांद्यावर वाहिला नाही, त्याने तुम्हाला ‘वाडी राखा’ म्हणून उपदेश करू नये. लेवीय पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात देव म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरे आणि प्रवासी आहात. म्हणून दर 50 व्या वर्षी, योबेल वर्षात, विकलेलं वतन मूळ घराण्याकडे परत यायचं. आज तसं वर्ष कोणी पाळत नाही. पण त्यामागची समजूत आजही उपयोगी पडते. वाडी तुमची आणि धाकट्याची होती, म्हणून बहीण आड आली, असं नाही. ती तुमच्या चौघांच्या हातात काही काळ दिली गेली आहे, आणि विकायची की ठेवायची हे चौघांनी मिळून ठरवायचं आहे.

गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली आहेत. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. त्यांना भाऊ नव्हता, म्हणून त्यांची गोष्ट तुमच्या बहिणीपेक्षा वेगळी आहे, हे मान्य. पण त्या मोशेसमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून बापाच्या वतनातला वाटा मागतात. मोशे तो प्रश्न देवापुढे नेतो, आणि देव म्हणतो, त्या ठीक बोलतात. देवाने त्यांना लोभी म्हटलं नाही. पाचही जणींची नावं पवित्र शास्त्रात राहिली.

आता काय करायचं ते सांगते.

हक्कसोडपत्राचा मसुदा फाडून टाका. बाजूला ठेवू नका, फाडा, कारण घरात असला की हात जाईल. बिल्डरला सांगा की घरात चार वारस आहेत आणि चौघांशी बोलल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. तो घाई करेल. भाव आज आहे, उद्या नाही, म्हणेल. म्हणू द्या. टोकन म्हणून काही देऊ केलं तर घेऊ नका. सातबारावर वारस नोंद झाली आहे का ते बघा. झाली असेल तर आई आणि बहीण दोघींची नावं त्यात आहेत ना, ते तपासा. नसतील तर तलाठ्याकडे जाऊन तुम्हीच घालून घ्या. ते काम बहिणीने येऊन करायचं नाही, तुम्ही करायचं आहे.

धाकट्या भावाला हा 9 आणि 6 चा हिशेब सांगा. तो चिडेल. तुमची बायकोही कदाचित. मुलांच्या नावाने वाद होईल, ‘आपण मुलांसाठीच करतोय ना’ म्हणून. तेव्हा मुलांना बाहेर काढू नका. त्यांनाही तिथेच बसवा. बापाची वाटणी कशी होते ते त्यांनी एकदा पाहिलं, तर तुमच्या मागे त्यांच्यात भांडण होणार नाही, अशी मला आशा आहे.

आईला एकटीला विचारा, तिला काय वाटतं. सगळ्यांसमोर ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढंच म्हणेल.

आणि मग बहिणीकडे जा. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. रविवारी मिस्सात शांतीची खूण देताना तुम्ही पुढच्या बाकावरच्या शेजाऱ्याचा हात धरता. त्याच्याशी तुमचं भांडण नाही. जिच्याशी आहे ती नालासोपाऱ्याला आहे.

तिच्याकडे जाताना फोन करून जा, म्हणजे तिला वाटणार नाही की सहीसाठी आलात. कागद नेऊ नका, पेनही नेऊ नका. ‘तुझे 6 गुंठे आहेत, मी ते मोजले नव्हते’ हे तुम्ही आधी म्हणा, चहा यायच्या आत. तिला तिचे 6 हवे असतील तर देऊन टाका. विकायचे नसतील तर सौदा होणार नाही, ते सोसा. आणि तिने स्वतःहून सोडायचं म्हटलं, तर लगेच हो म्हणू नका. महिनाभर थांबा, पुन्हा विचारा. निघताना वाडीतला केळीचा एक चांगला घड घेऊन जा. पिकलेला नको, तयार झालेला हिरवा. तिच्या घरी तो पिकायला चार दिवस लागतील, तोवर ती फोन करेल.